बुधवारच्या बाजारातले बोबडे बोल

बहिरू विधाते हा बोलण्यात अगदीच कच्चा माणूस. मखमलाबादच्या मळ्यात शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर पिकवावी ती त्यानंच. पाणी कधी तोडायचं आणि फूल कधी खुडायचं यात आजूबाजूला त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण तोच माल घेऊन बुधवारी नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात बसला, की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. शेजारचे भाजीवाले घसा फोडून ओरडत असायचे, आणि हा आपला खाली मान घालून जुड्यांवर पाणी शिंपडत बसलेला. एखाद्या बाईनं भाव विचारलाच, तर तो असा पुटपुटायचा की तिला वाटावं, याने माल चोरून आणलाय की काय.

त्याची आई साळूबाई होती तोवर बाजाराची काळजी नव्हती. म्हणजे ती आताही होती, पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मळ्यातच असायची. तिच्या काळात तिची हाक रामकुंडावर आंघोळ करणाऱ्याला ऐकू जायची म्हणे. "माझ्या पोटचा हाय का कुनाचा बदलून आनला, द्येव जाणं," असं ती मुलाच्या तोंडावर म्हणायची, आणि बहिरू तेही हसून घ्यायचा. मुकाट ऐकून घेणं एवढी एकच गोष्ट त्याला तोंडाने करता येत होती.

माणसांना मात्र तो भुकेला होता, हे कुणाला कळलं नाही. बाजारात दोन दुकानं सोडून पलीकडे हशा पिकला, की तो मान वर करून बघायचा. लग्नात पंगत उठल्यावर चार पुरुष गप्पा मारत बसायचे, त्यांच्या कडेला हा बसायचा. सगळे हसले की हाही हसायचा, जरा उशिरा. कुणी म्हणायचं नाही, की बहिरू, तू सांग रे एखादं.

शहाण्णव सालातली गोष्ट. त्याची बायको शुभांगी निफाडला भावाच्या साखरपुड्याला गेली होती आणि साळूबाईला ताप होता, म्हणून बहिरूने चार वर्षांची व्हायला आलेली सृष्टी एम-एटी मोपेडवर पुढ्यात बसवली आणि बाजारात आणली. पोरीला रिकाम्या गोणीवर बसवून तो जुड्या लावू लागला. थोडा वेळ तिने इकडेतिकडे बघितलं. सगळे ओरडताहेत आणि आपला बाप तेवढा गप्प, हे तिला बहुधा पटलं नाही. ती उभी राहिली आणि हात वर करून ओरडली, "ध्या ध्या, तोतिंबील ध्या! तादी तादी तोतिंबील!"

शेजारी मिरच्या-मसाला विकणारी कुसाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. जाणारी एक बाई थांबली. दुसरी थांबली. "काय म्हणालीस गं? परत म्हण." पोरगी परत म्हणाली. झेंडूकडे बोट दाखवून "हे काय?" विचारलं तर म्हणाली, "देंदू." शेवंतीला म्हणाली, "तेवंती." तुझं नाव काय, तर "तुत्ती." बाजारभर शब्द गेला. सराफ बाजारातून देवाच्या हाराला फुलं न्यायला येणारे एक गृहस्थ तिला "गोदावरी म्हण" म्हणाले, ती "दोदावली" म्हणाली, तेव्हा ते डोळे पुसेस्तोवर हसले आणि बहिरूच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "काय गोड लेक आहे हो तुमची!"

त्या दिवशी माल लवकर संपला, हे खरं. पण घरी परतताना बहिरूच्या अंगात जी हुशारी आली होती ती मालाची नव्हती, थापेची होती. आजवर त्याच्या खांद्यावर अशी कुणी थाप मारली नव्हती.

पुढे दर बुधवारी सृष्टी बाजारात. शुभांगीने आधी कुरकुर केली, मग तिलाही बरं वाटू लागलं. घरी कामात पोर मधे मधे येत नाही, हा एक फायदा होताच. आणि बहिरू बोलायला लागला! गिऱ्हाईक आलं की तो आपणहून सुरुवात करायचा, "काल आमची सृष्टी काय म्हणाली, माहीत हाय का?" रिक्षाला लित्ता, काकडीला तातदी, आत्याच्या सायखेडा गावाला तायथेदा. नव्या आठवड्याचा नवा शब्द ऐकायला माणसं थांबायची. शब्द कमी पडले तर बहिरू पदरचे दोन घालायचा. घरातही कुणी सरळ बोलेना. म्हातारी साळूबाईसुद्धा लित्तेने दवाखान्यात जायला लागली. मूल असलेल्या प्रत्येक घरात हे होतं आणि त्यात वाईट काही नाही. वाईट पुढेच आहे.

सृष्टीला पाचवं लागलं तसं साळूबाईने एकदम धोरण बदललं. "आता पुरं झालं कौतुक," ती म्हणाली. "शाळंत जायची पोर. जीभ जड हाय तिची." तिने पंचवटीतून वेखंडाचं कांड मागवलं. रोज सकाळी सहाणेवर त्याचे वेढे द्यायचे, मध घालायचा आणि पोरीच्या जिभेवर चोळायचा. सृष्टी तोंड वेडंवाकडं करायची, पण आजीपुढे कुणाचं चाललंय? बहिरू एवढंच म्हणायचा, "राहू दे ना आई. सुटंल तिची ती."

वेखंडाचा गुण म्हणा की वयाचा, एका सकाळी ओट्यावर जुड्या बांधायला बसलेल्या आजीला सृष्टी म्हणाली, "आजी, कोथिंबीर दे." स्वच्छ. त्यातला 'क' असा वाजला की साळूबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली. तिने शुभांगीला हाक मारली. शुभांगीने पोरीला पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेच, कोथिंबीर. मग गुळाचा खडा, मुका, कडेवर घेणं, सगळं झालं. गोठ्याच्या दारात बहिरू उभा होता. तो हसला. पण पुढे होऊन त्याने पोरीला उचललं नाही, आणि तिचं चांगलं झालेलं बघून आपल्याला वाईट का वाटावं, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

त्या बुधवारी सृष्टी मोठ्या अभिमानाने गोणीवर उभी राहिली. "घ्या घ्या, ताजी कोथिंबीर!" एक बाई थांबायला म्हणून वळली होती, ती तशीच पुढे गेली. अख्ख्या बाजारात सगळेच कोथिंबीर म्हणत होते. ते हारवाले गृहस्थ आले, ऐकलं, "अरे वा, मोठी झाली की," म्हणाले आणि फुलं घेऊन निघाले. गप्पा नाहीत, थाप नाही. कुसाबाई म्हणाली, "गेली बया मजा." तासाभरात बहिरूची मान पुन्हा जुड्यांवर खाली गेली.

आणि मग त्याने ते केलं. वाकून पोरीच्या कानाशी तो म्हणाला, "असं नाय बाळा. आपलं म्हण. पयल्यासारखं."

सृष्टीला कळलं नाही. "कोथिंबीर," ती आणखी नीट म्हणाली, तिला वाटलं चुकलं.

"तसं नाय. तोतिंबील. तसं म्हण. पप्पाला ते आवडतं."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तोतिंबील." बहिरू हसला, तशी तीही हसली, आणि मोठ्याने ओरडली. माणसं थांबली. घरी येताना त्याने तिला लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्या.

वेखंडाचं कांड त्याने दुसऱ्या दिवशी पाटाच्या पाण्यात सोडून दिलं. साळूबाईने सगळं घर शोधलं, उंदराच्या नावाने शिव्या घातल्या. बहिरू तिच्याबरोबर सहाणेखाली, दिवळीत, पाट्यामागे शोधू लागला. हे तर त्याने करायला नको होतं.

पोरीचं बोलणं पुन्हा मागे गेलं. घरीदारी तेच त आणि द. साळूबाई कपाळाला हात लावायची, "आलं व्हतं की गं, कुठं गेलं परत?" बहिरूने मनाची समजूत घातली, की अजून लहानच आहे, एकदा चुकून नीट आलं असेल. माणसाला सोयीची समजूत घालायला वेळ लागत नाही.

शाळेत घातली. गावातलीच शाळा. दिवाळी झाली आणि वर्गाच्या बाईंनी आईबापांना बोलावणं धाडलं. या बाई बुधवारी बहिरूकडूनच शेवंती न्यायच्या, सृष्टीच्या शब्दांना त्याही पोट धरून हसलेल्या होत्या. पण आज त्या हसल्या नाहीत. "सृष्टी वर्गात बोलत नाही," त्या म्हणाल्या. "चुकीचं बोलते असं नव्हे हो, बोलतच नाही. हजेरीला हात वर करते. लघवीला जायचं तेही सांगत नाही, दोनदा फ्रॉक ओला झाला. मुलं तिला तुत्ती तुत्ती चिडवतात. तुम्ही कुणाला तरी दाखवा."

शुभांगी शाळेच्या फाटकाबाहेर येईपर्यंत कशीबशी थांबली आणि मग रडली. बहिरूने एम-एटीला किक मारली. ओला फ्रॉक त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. तशी पोर संध्याकाळी घरी आली की तो तिला काय विचारायचा? "आज काय नवीन म्हणाली माझी तुत्ती?"

नाशकात मुलांचं बोलणं सुधारणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांच्याकडे तिघं गेले. मॅडमनी टेबलावर चित्रं मांडली. सायकल, काकडी, गाय, घोडा, रिक्षा. सृष्टी प्रत्येक चित्राआधी बापाकडे बघे आणि मग बोले, तायतल, तातदी, दाय, धोदा, लित्ता. सवयीने बहिरूच्या ओठांवर हसू आलंसुद्धा. मॅडम चित्रांकडे कमी आणि बापाकडे वळणाऱ्या पोरीच्या मानेकडे जास्त बघत होत्या. चित्रं गोळा करत त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बाहेर बाकडं होतं, दाराला हिरवा पडदा. बहिरू टोपी मांडीवर ठेवून बसला. आत थोडी कुजबुज झाली. मग एका मुलीचा आवाज आला. "सायकल. काकडी. गाय. घोडा. रिक्षा." स्वच्छ, खणखणीत आवाज, अगदी साळूबाईच्या वळणाचा. बहिरूला वाटलं, आत दुसऱ्या कुणाची तरी मुलगी आलेली दिसते, मागच्या दाराने आली असेल. तिचं कौतुकही वाटलं त्याला, आणि हेवाही. असं बोलणारं लेकरू असावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

मग मॅडमचा आवाज आला, "शाब्बास सृष्टी."

बहिरू जागेवरून हलला नाही. मॅडम विचारत होत्या, "एवढं छान बोलतेस, मग घरी का नाही बोलत असं?"

"पप्पांना आवडत नाही."

"आणि शाळेत गं? तिथं तर पप्पा नसतात."

"आमच्या बाई बुधवारी पप्पांकडं फुलं न्यायला जातात. नीट बोलले तर त्या पप्पांना सांगतील. आणि बोबडं बोललं तर मुलं हसतात. म्हणून मी बोलतच नाही."

किती साधा हिशोब. सहा वर्षांच्या पोरीने दोन्हीकडून वाट बंद झालेली बघितली आणि मुकाट बसली. मुकाट बसणं कसं असतं ते ज्याला सगळ्यांत जास्त माहीत होतं, त्यानेच तिला तिथे नेऊन बसवलं होतं. बहिरूला वाटलं, पडदा बाजूला करून कुणी बाहेर येऊच नये. आत जाऊन शुभांगीकडे कसं बघावं, हे त्याला कळेना. मॅडमनी बोलावलं तेव्हा तो टोपी हातातच घेऊन आत गेला, आणि मॅडम जे काही सांगत होत्या त्याला होय होय म्हणत राहिला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर शुभांगी एवढंच म्हणाली, "पोरगी व्हती का रेडिओ?" आणि चुलीकडे वळली.

संध्याकाळी बहिरू सृष्टीजवळ जाऊन बसला. त्याला खूप सांगायचं होतं. ओठ हलवत, घसा खाकरत शेवटी तो म्हणाला, "आता नीट बोलत जा." त्याच्या तोंडून ते रागावल्यासारखं निघालं.

"नीट बोलले तर चालंल?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. माफी मागायची ती राहिलीच. बाप लेकीची माफी मागतो असं त्याने कुठे बघितलेलं नव्हतं, पण ही सबब आहे हे त्यालाही कळत होतं.

शुभांगीने मात्र सोडलं नाही. पुढच्या बुधवारी सकाळी पोरीच्या वेण्या घालून तिने तिला एम-एटीजवळ आणून उभं केलं. "घिऊन जा हिला. शाळा बुडली तर बुडू दे. ज्यांच्यापुढं नाचवली, त्यांच्यापुढंच सांगा, की आता ती तसं बोलनार नाय, मीच बोलायला लावत व्हतो. एवढं तुम्ही सांगितल्याबिगर तिला खरं वाटायचं नाय."

बहिरू हो म्हणाला. वाटभर तो मनात वाक्य जुळवत होता. मखमलाबाद नाक्यापर्यंत ते जुळलंसुद्धा.

बाजार भरला. नेहमीची माणसं आली. शाळेतल्या बाई तेवढ्या नव्हत्या. हारवाले गृहस्थ होते, दोन-चार नेहमीच्या बायका होत्या. सृष्टी गोणीवर न चढता बापाच्या पाठीशी उभी राहिली. "काय गं तुत्ती, आज मुकी झाली का?" कुसाबाई म्हणाली. "म्हण की तोतिंबील!"

सगळे बघायला लागले. हीच वेळ होती. बहिरू उभा राहिला. "ती आता म्हननार नाय," तो म्हणाला, आणि थांबला. पुढचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडे होते, हसायला तयार झालेले, आपलेपणाचे चेहरे. इतकी वर्षं तो त्यांच्याच आशेवर जगला होता.

"का रे? नजर लागली का लेकराला?" कुसाबाईने विचारलं.

"व्हय," बहिरू म्हणाला. "नजर लागली."

झालं. कुसाबाईला तेवढंच पुरेसं होतं. तिच्या पुढ्यात सुक्या मिरच्यांचा ढीग आणि मिठाची पिशवी. मूठ भरून तिने पोरीला गोणीवर उभं केलं आणि भर बाजारात दृष्ट काढायला घेतली. "आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, जवळच्याची, लांबच्याची..." 'घरच्याची' म्हणताना मूठ सृष्टीच्या तोंडावरून फिरत होती आणि सृष्टी त्या मुठीच्या वरून बापाकडे बघत होती. तिने रडून हात झटकला असता तर बहिरूला पळायला जागा मिळाली असती. ती नीट उभी राहिली. आजूबाजूच्या बायकांनी हात जोडले. ओरडून सांगायला हवं होतं, थांबवायला हवं होतं, आणि हा जुड्यांवर पाणी शिंपडत बसला.

कुसाबाईने ती मूठ पलीकडच्या चहाच्या गाडीवर नेली आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकली. नजर असली की मिरच्या जळूनही ठसका येत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. इथे असा ठसका उठला की चहावाला शेगडी सोडून पळाला. बायका खोकायला लागल्या, हारवाल्या गृहस्थांनी उपरणं नाकाला लावलं, कुसाबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या. खोकता खोकता ती म्हणाली, "नव्हती रे बहिरू! नजर नव्हती काही. मग काय झालं पोरीला?"

सगळे पुन्हा त्याच्याकडे बघू लागले. खोट्याला मिरच्यांनी साक्ष दिली नव्हती. अजूनही वेळ गेली नव्हती, एक वाक्य बोलायचं होतं. बहिरू पुन्हा जुड्यांवर पाणी शिंपडायला वाकला.

तेव्हा गोणीवरून सृष्टी बोलली. "होती, मावशी. थोडीशीच होती. आता गेली."

स्वच्छ. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

मग एकच गलका. अगंबाई, बोलली की पोर! जीभ सुटली! कुसाबाईने तिला उचलून घेतलं, हारवाल्यांनी हातावर पेढा ठेवला. पुढची कित्येक वर्षं कुसाबाई गिऱ्हाइकांना सांगायची, की विधात्यांच्या बोबड्या पोरीची जीभ माझ्या मिरच्यांनी सुटली. बहिरू शेजारी बसून ऐकायचा. इतक्या दिवसांनी पोरीने चारचौघांत नीट बोललेलं पहिलं वाक्य खोटं होतं आणि ते तिने बापाला झाकायला बोललं होतं, एवढं त्याला एकट्याला माहीत होतं. तिलाही होतं. शुभांगीने घरी विचारलं, "सांगितलं का?" तर तो काही बोलायच्या आत सृष्टीच म्हणाली, "हो, सांगितलं." म्हणजे बापासाठी दिवसातून दोनदा खोटं.

त्यानंतर ती शाळेत बोलायला लागली, भांडायलाही लागली, पाढे म्हणण्यात पहिली आली. सगळं सुरळीत झालं. बहिरूच फक्त पुन्हा गप्प झाला. बाजारातली माणसं हळूहळू पांगली आणि त्याने ती थांबवायचा प्रयत्न केला नाही. सृष्टीशी तो कामापुरतं बोलायचा. ती काही सांगायला लागली की तो हातातल्या कामाकडे बघायचा; तिच्या तोंडाकडे बघायची त्याला हिंमत होत नसे.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या दोन वर्षं आधी घरात मुलगा झाला, साई. सिंहस्थ सरला, घाटावरची गर्दी ओसरली, आणि तोवर साई तीन वर्षांचा होऊन बोलायला लागला होता. आणि बोलायचा कसा? हुबेहूब बहिणीसारखा. गाडीला दादी, घराला धल. सगळं घर हसून लोटपोट. साळूबाई आता अंथरुणाला खिळली होती, तीही पडल्या पडल्या हसायची. बहिरू मात्र दगडासारखा. साई धावत येऊन त्याच्या गुडघ्याला मिठी मारायचा, "पप्पा, धोदा बधा!" म्हणायचा आणि वर तोंड करून थांबायचा, बाप हसेल म्हणून. बहिरू चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायचा नाही. "घोडा," तो म्हणायचा, "घोडा म्हण." पोराचा चेहरा पडायचा. परत कुणी साईला "म्हण रे" म्हणालं, की बहिरू उठून मळ्यात निघून जायचा. त्याला वाटायचं, हे आपलं प्रायश्चित्त. बरोबर वागल्याचं थोडं समाधानही मिळायचं त्यातून.

अशाच एका रविवारी दुपारी तो शेवंतीच्या वाफ्याच्या बांधावर येऊन बसला होता. मागून सृष्टी आली. सातवीत होती ती तेव्हा. आपली ओढणी सारखी करत ती थोडी दूर बसली.

"पप्पा, साई घरात रडतोय," ती म्हणाली. "त्याला वाटतं तुम्हाला तो आवडत नाही."

बहिरूने शेवंतीचं एक रोपटं उगाच सरळ केलं.

"हसत जा ना त्याला. तो मुद्दाम नाही बोलत तसं. त्याला येतच नाही अजून. तो तुमच्यासाठी नाही बोलत, पप्पा. तुम्ही हसलात तरी चालेल."

हे ती रागाने म्हणाली नाही. धाकट्या भावाची काळजी होती, तेवढंच होतं त्यात. बहिरूला वाटलं, आता बोलावं. इतक्या वर्षांचं राहिलेलं बोलावं. पण त्याच्यासारख्या माणसाच्या तोंडून शब्द निघतात ते आडवळणाने. तो म्हणाला, "तूबी अशीच बोलायची. अगदी अशीच. लय ग्वाड बोलायची."

सृष्टी खरंच आठवून बघायला लागली.

"मला ते आठवतं," ती म्हणाली. "पण त्यातलं खरं कुठलं होतं आणि तुम्हाला आवडायचं म्हणून कुठलं, ते मला वेगळं नाही काढता येत. मी लय वेळा बघितलं आठवून. नाही येत."

घरातून साईचं रडणं ऐकू येत होतं. "मी बघते त्याला," म्हणून ती उठली आणि गेली. बहिरूला तिला हाक मारायची होती. त्याने तोंड उघडलंही. पोरीचं लहानपण परत मागता येत नाही आणि आपण नेलेलं परत देताही येत नाही, हे कळल्यावर हाक मारून सांगायचं तरी काय, हे त्याला सुचेना. मान खाली घालून तो तिथेच बसून राहिला.